शाळकरी संशोधक आणि उपनगराचा नकाशा

परीक्षेतल्या गुणांमागे मुलांना ऊर फुटेतो धावायला लावणाऱ्या आपल्या शहरात मुलांच्या संशोधनाच्याही स्पर्धा होतात, हे पुष्कळांच्या गावीही नसते. मुंबईच्या विज्ञानशिक्षकांच्या मंडळाने १९८१ साली सुरू केलेली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा चार दशके ओलांडून गेली आहे. सहावी आणि नववीची मुले तीत बसतात. लेखी परीक्षा झाली, प्रयोगाची परीक्षा झाली, की निवडलेल्या मुलांना कृतिसंशोधनाचा एक प्रकल्प करावा लागतो आणि परीक्षकांपुढे त्याचे समर्थन करावे लागते. दुसरी राष्ट्रीय बालविज्ञान परिषद. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या आश्रयाने ती १९९३ साली सुरू झाली. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी लहानसा गट करावा, आपल्याच परिसरातला एखादा प्रश्न घ्यावा, स्वतः हिंडून पाहणी करावी, नोंदवही ठेवावी, आणि निष्कर्ष आपल्या भाषेत मांडावे, अशी तिची रीत. जिल्हा, राज्य आणि मग देश अशा तिच्या पायऱ्या.

पूर्वी अशा प्रकल्पाची सामग्री म्हणजे फूटपट्टी, उष्णतामापक, पाण्याच्या बाटल्या आणि पायपीट. आता तिच्यात दोन गोष्टींची भर पडली आहे. एक संगणकावरचा नकाशा आणि दुसरी उपग्रहांनी टिपलेली पृथ्वीची चित्रे. अमेरिकेने १९९५ साली सुरू केलेल्या ‘ग्लोब’ या कार्यक्रमात निरनिराळ्या देशांतली शाळकरी मुले हवा, ढग, पाणी, माती यांची मोजमापे घेतात आणि ती उपग्रहांच्या मोजमापांशी ताडून पाहतात. २००० साली भारतही त्यात सामील झाला. तेव्हा आता अंधेरीच्या किंवा मुलुंडच्या शाळेतल्या मुलाला आपल्या वस्तीचे आकाशातून दिसणारे रूप आणि जमिनीवरचे रूप ही दोन्ही शेजारी ठेवून विचार करता येतो. हे कसे करता येते, त्यात कोणत्या खाचाखोचा आहेत, आणि तुम्हाआम्हा नागरिकांचा त्याच्याशी काय संबंध, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

कामगार चळवळीतल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सोपे आहे. गाऱ्हाणे कितीही खरे असले, तरी त्याच्यामागे मोजमाप नसेल, तर साहेब ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देतो, हे आम्ही आयुष्यभर पाहत आलो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून जो अर्ज केला, त्याच्यावर साडेपाच हजार सह्या होत्या. आणि मागण्याही कशा, तर आठवड्याची एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाची वेळ अमुकपासून अमुकपर्यंत. म्हणजे ज्याचे माप घेता येते, असेच त्यांनी मागितले. परिसराच्या प्रश्नालाही हाच नियम लागू आहे. ‘आमच्याकडे फार उकडते’, ‘आमच्याकडे पाणी तुंबते’ ही गाऱ्हाणी आहेत. किती, कोठे, केव्हापासून आणि शेजारच्या वस्तीपेक्षा किती जास्त, हे सांगितले की त्यांचे निवेदन होते.

नकाशा कोणाच्या हाती?

नकाशा ही आपल्या देशात फार काळ सरकारची चीज होती. सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना १७६७ सालची, कंपनी सरकारच्या अमदानीतली. मुलूख जिंकायचा, महसूल बसवायचा, तर आधी तो मोजला पाहिजे, हे इंग्रजांनी ओळखले होते. स्वातंत्र्यानंतरही मोठ्या प्रमाणाचे नकाशे सामान्य माणसाला सहजी मिळत नसत. २०२१ सालच्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने हे निर्बंध बरेच सैल केले. त्याआधी २००९ साली इस्रोने ‘भुवन’ हे आपले नकाशाचे दालन सर्वांना खुले केले होते. आणि अमेरिकेच्या ‘लँडसॅट’ उपग्रहांची १९७२ पासूनची चित्रे २००८ पासून जगाला फुकट मिळू लागली होती. ही चित्रे मांडून पाहण्याचे ‘क्यूजीआयएस’सारखे साधनही विनामूल्य आहे. तात्पर्य, पन्नास वर्षांत आपल्या उपनगराचे काय झाले, हे पाहायला आज पैसा लागत नाही. लागतो तो एक बरा संगणक, थोडे शिक्षण आणि चिकाटी.

नकाशा नागरिकांनी तपासला तर काय होते, याचे उदाहरण घरचेच आहे. मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा २०१५ साली प्रसिद्ध झाला. लोकांनी तो आपापल्या गल्लीशी ताडून पाहिला, तेव्हा त्यात चुकाच चुका सापडल्या. हरकतींचा पाऊस पडला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो मसुदा फिरवून नव्याने करायला लावला. जाणत्यांनी जाणत्यांच्या कचेरीत बसून केलेले काम गल्लीतल्या माणसाने चुकीचे ठरविले. पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश विद्वान १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक म्हणून आला होता. शहराचा आराखडा करण्याआधी शहराची पायी पाहणी करा, हा त्याचा आग्रह. शंभर वर्षांनीही तो आग्रह धरायची पाळी आपल्यावर आहे.

नकाशावरच्या एका रेघेने माणसांचे काय होते, हेही उपनगराने पाहिले आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतील वस्तीविषयी १९९७ साली उच्च न्यायालयाचा आदेश झाला आणि पुढच्या काळात हजारो झोपड्या हटविल्या गेल्या. त्यांपैकी अनेकांच्या पुनर्वसनासाठी चांदिवलीला संघर्षनगर वसले. जंगल राखले पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. सुमारे शंभर चौरस किलोमीटरचे ते जंगल नसते, तर या शहराला श्वास घेणे जड गेले असते. विहार आणि तुळशीचे पाणीही तिथलेच. पण रेघ कोठे पडते आणि रेघेच्या आत कोण राहतो, हे समजण्याची विद्या ज्यांच्याकडे नसते, त्यांना ती रेघ फक्त बुलडोझर आल्यावर दिसते. म्हणून ही विद्या शाळेत गेली पाहिजे, आणि तीही सर्व शाळांत.

उपग्रह पाहतो तरी काय?

उपग्रह आपल्यासारखे पाहत नाही. लँडसॅट सुमारे सातशे किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती उत्तर-दक्षिण फिरतो आणि दर सोळा दिवसांनी पुन्हा त्याच जागेवर येतो. युरोपच्या ‘सेंटिनेल-२’ उपग्रहांपैकी पहिला २०१५ साली गेला. त्यांची जोडी मिळून पाच दिवसांनी तीच जागा पाहते. आपल्या देशाचा आयआरएस-१ए हा पहिला दूरसंवेदन उपग्रह १९८८ च्या मार्चमध्ये सोडला गेला. जमिनीवरून परतणारा सूर्यप्रकाश हे उपग्रह निरनिराळ्या पट्ट्यांत वेगवेगळा मोजतात. निळा, हिरवा आणि तांबडा हे पट्टे आपल्या ओळखीचे. त्यापलीकडचा अवरक्त पट्टा आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

हिरवे पान आपले अन्न तयार करण्यासाठी तांबडा प्रकाश शोषून घेते, पण अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकते. सिमेंट, डांबर, पत्रा यांच्यात हा भेद फारसा नसतो. या एका गुणावरून झाडोरा ओळखता येतो. अवरक्तातून तांबडा वजा करायचा आणि दोहोंच्या बेरजेने भागायचे. समजा, एका ठिकाणाहून शंभरांपैकी तांबडा ५ भाग आणि अवरक्त ४५ भाग परत आला. तर ४० भागिले ५०, म्हणजे ०.८ हा आकडा आला. तेथे दाट झाडी आहे. दुसऱ्या ठिकाणी तांबडा २५ आणि अवरक्त ३०. ५ भागिले ५५, म्हणजे जेमतेम ०.०९. तेथे बांधकाम किंवा उघडी जमीन. आठवीतल्या मुलाला हे गणित अवघड नाही. एकाच जागेचे १९९० चे आणि आजचे आकडे काढले, की झाडोरा कोठे गेला आणि कोठे वाढला, हे कोणाच्या भाषणावाचून समजते.

एका चौकोनात किती खोल्या?

आता पहिली खाच. उपग्रहाचे चित्र लहान लहान चौकोनांचे असते आणि एका चौकोनाला एकच आकडा मिळतो. सेंटिनेलचा बारीकात बारीक चौकोन दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद. म्हणजे शंभर चौरस मीटर, सुमारे १,०७६ चौरस फूट. आमच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली धरली, तर अशा नऊएक खोल्या त्यात मावतात. लँडसॅटचा चौकोन तीस मीटरचा. त्यात ऐंशी खोल्या. आणि लँडसॅट-८ उष्णता मोजतो ती शंभर मीटरच्या चौकोनात. त्यात नऊशेच्या जवळपास खोल्या जातात. चित्र मुलांच्या हाती येते तेव्हा तेही तीस मीटरचे चौकोन पाडून आलेले असते, म्हणून ते असते त्याहून बारीक भासते. नऊशे खोल्यांचा जो एक सरासरी आकडा, त्यावरून माळ्यावरच्या पत्र्याखाली रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या माणसाची स्थिती कळत नाही.

गल्लीच्या तोंडाशी असलेला पिंपळ, तीन फुटांचे उघडे गटार, सार्वजनिक नळ, यांपैकी काहीच त्या चौकोनात दिसत नाही. म्हणून स्पर्धेतला चांगला प्रकल्प उपग्रहापाशी सुरू होतो, पण तेथे थांबत नाही. मुलांनी चित्रावरून जागा निवडाव्यात आणि मग त्या प्रत्येक जागी स्वतः जाऊन खातरजमा करावी. हातातल्या फोनवरून जागेचे अक्षांश-रेखांश मिळतात. मात्र उंच इमारतींच्या किंवा अरुंद बोळांच्या मध्ये तेही काही मीटर चुकतात, हे ध्यानात ठेवावे.

फसगतीच्या चार जागा

दुसरी खाच भरती-ओहोटीची. मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी यांच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आहे. ओहोटीला जो चिखलाचा पट्टा उघडा पडतो, तो भरतीला पाण्याखाली जातो. एका वर्षीचे चित्र भरतीचे आणि दुसऱ्या वर्षीचे ओहोटीचे घेतले, तर खाडी आटली किंवा तिच्यात भराव पडला, असा खोटाच निष्कर्ष निघेल. तेव्हा चित्राच्या दिवशी आणि त्या वेळी पाणी किती होते, हे भरतीच्या कोष्टकावरून पाहूनच तुलना करावी.

तिसरी खाच ऋतूची. आरे वसाहतीतले गवत आश्विनात हिरवेगार आणि वैशाखात पिवळे. राष्ट्रीय उद्यानातल्या पानझडीच्या झाडांचेही तसेच. ऑक्टोबरचे जुने चित्र मे महिन्यातल्या नव्या चित्राशी ताडले, तर जंगल तुटल्याचा भास होईल. महिना तोच हवा.

चौथी खाच ढगांची. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईवर आभाळ दाटलेले असते आणि साधा उपग्रह ढगांखालचे पाहू शकत नाही. म्हणजे ज्या दिवसांत आपल्या घरात पाणी शिरते, नेमक्या त्याच दिवसांत हा डोळा मिटलेला. रडारचे उपग्रह ढगांतून पाहतात, पण दाटीच्या वस्तीत त्यांची चित्रे वाचणे कठीण असते. अशा वेळी भिंतीवरची पाण्याची खूण आणि शेजारच्या आजीची आठवण हाच पुरावा. मुलांनी तो फूटपट्टी लावून नोंदवून घ्यावा.

पाचवी खाच तापमानाची. उपग्रह मोजतो ते छपराचे, रस्त्याचे, झाडाच्या शेंड्याचे तापमान, हवेचे नव्हे. शिवाय तो आपल्यावरून जातो सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास. दुपारी तीनचा भडका आणि रात्री न निवणारी भिंत त्याला ठाऊक नाही. ज्या मुलाने पत्र्याच्या खोलीत, स्लॅबच्या खोलीत आणि झाडाखाली एकाच उंचीवर उष्णतामापक टांगून आठवडाभर दर तीन तासांनी नोंद केली, त्याच्या वहीची किंमत रंगीत चित्रापेक्षा अधिक आहे. दोन्ही जोडली, तर मग त्या कामाला तोड नाही.

उपनगरात काय मोजावे?

विषयांचा तोटा नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला; त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पंचाहत्तरही नव्हता. एकाच शहरात एवढा फरक असेल, तर घाटकोपरचा पाऊस आणि बोरिवलीचा पाऊस एकच समजणे चूक. शाळाशाळांच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून पावसाळाभर रोज सकाळी साडेआठला नोंद घेतली आणि ती नकाशावर मांडली, तर तो प्रकल्प पालिकेलाही उपयोगी पडेल. मिठी नदी विहार आणि पवईच्या सांडव्यांपासून निघून मरोळ, साकीनाका, कुर्ला करीत सुमारे अठरा किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीला मिळते. तिचा काठ कोठे किती अरुंद झाला, हे जुन्या-नव्या चित्रांवरून मोजता येते.

घाटकोपरला १२ जुलै २००० रोजी आझादनगरच्या वस्तीवर दरड कोसळून साठांहून अधिक माणसे दगावली. घाटकोपर-विक्रोळीच्या टेकड्यांवर उतार किती, वस्ती किती, पाणी वाहून नेणारी वाट कोठे बुजली, याचा नकाशा हा मुलांच्या आवाक्यातला, आणि जिवाच्या मोलाचा विषय आहे. मुलुंडची कचराभूमी १९६७ च्या सुमारास सुरू झाली आणि २०१८ साली तेथे कचरा टाकणे बंद झाले. ती सुमारे चोवीस हेक्टरांची, म्हणजे सेंटिनेलचे चोवीसशे चौकोन. त्यांवर गवत उगवते आहे काय, ढीग हलतो आहे काय, हे दरवर्षी पाहता येईल. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचऱ्याला आग लागली, तेव्हा तिचा धूर लँडसॅटच्या चित्रात स्पष्ट दिसला होता.

तिवरांचेही तसेच. २००५ साली उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीला मनाई केली आणि उपग्रहाच्या साहाय्याने त्यांचे नकाशे करायला सांगितले. पुढे २०२२ साली ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला रामसर यादीत जागा मिळाली. हे नकाशे आजही जागेवर जुळतात का, हे पाहणे शाळेतल्या मुलांना शक्य आहे. मात्र एक गोष्ट त्यांना आधीच सांगावी. उपग्रहाला हिरवे दिसते, पण कायदा दिसत नाही. आरेमध्ये २०१९ च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांवर झाडे तोडली गेली. तेव्हाचा वाद झाडे आहेत की नाहीत याचा नव्हताच, त्या जागेला जंगल म्हणायचे की नाही याचा होता. त्याचे उत्तर कागदपत्रांत आणि न्यायालयात शोधावे लागते.

बक्षीस कशाला द्यावे?

स्पर्धेचा मोह असा असतो की, रंगीत आणि गुळगुळीत चित्र पुढे जाते. ज्याच्या घरी संगणक, ज्याचा बाप अभियंता, किंवा ज्याच्याजवळ शिकवणीची फी, त्याचा नकाशा देखणा होणार. आमच्या मते परीक्षकांनी पहिला प्रश्न नोंदवहीबद्दल विचारावा. किती दिवस गेलात? कोणत्या नोंदी जुळल्या नाहीत? न जुळणाऱ्या नोंदींचे काय केलेत? ज्या मुलाच्या वहीत एकही न जुळणारी नोंद नाही, त्याने ती घरी बसून लिहिली असण्याचा संभव अधिक.

दुसरा प्रश्न, हा नकाशा कोणाला दाखविलात? ज्या वस्तीचे मोजमाप घेतले, तिला त्याचा निकाल कळलाच पाहिजे. आणि तो कळविण्याआधी त्याच्या परिणामाचाही विचार हवा. तांबडा रंग भरून ‘अतिक्रमण’ असा शिक्का मारणे सोपे असते. त्या तांबड्या रंगात कोणाचा तरी संसार मांडलेला असतो. ‘येथे इतकी घरे उतारावर आहेत आणि पाण्याची वाट बुजलेली आहे’ हे सत्य आहे. ‘येथील माणसे दोषी आहेत’ हा निकाल आहे. मुलांनी सत्यापाशी थांबावे. कोणाचे घर कोणते, हे नकाशावर लिहू नये.

राहता राहिला साधनांचा प्रश्न. पालिकेच्या शाळेतल्या मुलाने स्पर्धेत उतरायचे, तर त्याला संगणक, त्यावर बसायला रोज तासभर आणि हाताशी धरणारा एक माणूस, एवढे हवे. हे तिन्ही आपल्या उपनगरांत आहेत. वाचनालयांत संगणक आहेत. कामगार संघटनांच्या कचेऱ्या दुपारी रिकाम्या असतात. आणि आयुष्यभर आराखडे वाचलेले, मोजमापे घेतलेले सेवानिवृत्त फोरमन, ओव्हरसियर, ड्राफ्ट्समन याच सभागृहात दरवर्षी पहिल्या रांगांत बसतात. लालबहादूर शास्त्री मार्गावर घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कारखान्यांची जी ओळ होती, तिच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले. त्या कारखान्यांत शिकलेली नजर मात्र अजून शिल्लक आहे. ती मुलांच्या कामी यावी.

आमची सूचना एवढीच आहे. पुढच्या वसंतात व्याख्यानमालेचा एक दिवस मुलांसाठी राखून ठेवावा. आसपासच्या शाळांतल्या मुलांनी आपल्या परिसराचे नकाशे भिंतीवर लावावेत, आणि त्या त्या गल्लीच्या रहिवाशांनी हातात पेन्सिल घेऊन ते तपासावेत. येत्या पावसाळ्याआधी पर्जन्यमापके गच्चीवर चढली, तर त्या दिवशी मांडायला एका पावसाळ्याच्या नोंदी हाताशी असतील.